आईच्या किटलीचा ठिपका

आमच्या ऑफिसात त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही. सगळे त्याला थांबाराव म्हणतात. हे नाव मी ठेवलं आणि मला त्याचा जरा अभिमानही आहे. कुणी काही नवं घेऊन आलं, साहेबांनी कशाची घाई केली, की याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "थांबा, बघू." लिफ्टचं दार उघडलं तरी हा आधी आत लिफ्ट आलीये का ते वाकून बघतो आणि मगच पाय टाकतो.

मी टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष काढणं हा माझा पगारी धंदा आहे. घरचे म्हणतात, पगार मिळाला नसता तरी हिने तेच केलं असतं. तेव्हा कौतुक करायची मला सवय नाही. थांबारावाबद्दल लिहायला बसलेच आहे तर आधी त्याचे दोष लिहून टाकते. जेवताना बोलत नाही. बोललाच तर कामाचं बोलतो. एखादी गोष्ट समजावायला लागला की समोरच्याचा चहा निवून जातो, तरी याची अजून प्रस्तावनाच चालू असते. आणि टेबलावर वायरींचं इतकं जंगल असतं की सफाईवाल्या बाईंनी त्या टेबलाचं नावच टाकलंय. बाकी माणूस लाखात एक.

आमची कंपनी लहान. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल, कोपऱ्यात साहेबांची काचेची खोली, आणि दार नीट न लागणारं एक स्वयंपाकघर. रक्त तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. लॅबमध्ये तपासणी झाली की रिपोर्ट आपोआप डॉक्टरांपर्यंत जातो, तो नेऊन पोचवणं हे आमचं काम. थांबाराव आला तेव्हा आमच्याकडे कोड ठेवायची पद्धत म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. एका फोल्डरचं नाव 'फायनल', दुसऱ्याचं 'फायनल नवीन', तिसऱ्याचं 'फायनल खरं', आणि प्रत्यक्षात सगळे वापरायचे ते चौथंच, 'हात लावू नका'. दोघांनी एकच फाइल उघडली तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं. पहिल्याचं दिवसभराचं काम पाण्यात.

साहेबांनी त्याला व्हर्जन कंट्रोल निवडायला सांगितलं. म्हणजे असं साधन, की जे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवतं. कुणी केला, केव्हा केला, आणि करणाऱ्याने लिहिलं असेल तर का केला, तेही सांगतं. साहेबांना वाटलं, दुपारच्या जेवणापर्यंत निवड होईल. यांचं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला. थांबारावाने तीन साधनं आणली आणि एकेकाशी भांडण उकरून काढायला बसला. मला आणि आणखी एकाला शेजारी शेजारी बसवून एकच ओळ दोघांना वेगवेगळी बदलायला लावली. काम मध्यावर असताना नेटची वायर उपटली. एकदा चक्क मशीनच बंद केलं.

"अरे, पण ते काय काय करतं ते तरी बघ," मी म्हणाले. "किती सोयी आहेत त्यात."

"चालू असतं तेव्हा सगळंच गुणी असतं," तो म्हणाला. "बिघडल्यावर कसं बोलतं ते बघून घ्यायचं."

पहिल्या साधनाने माझी ओळ गुपचूप पुसली आणि वर 'काम यशस्वी' असं लिहून दाखवलं. ते तिथल्या तिथे बाद झालं. दुसरं इतकं धास्तावलं की कुणालाच काही करू देईना. तिसऱ्याने आमच्या दोघांच्या ओळी समोरासमोर मांडल्या आणि विचारलं, यातली कुठली ठेवू? थांबारावाचा चेहरा खुलला. "हे घ्यायचं," तो म्हणाला. "कळत नसेल तर कळत नाही म्हणतं." माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी नवऱ्याची एवढी चौकशी केली नव्हती.

ती निवड फळली. फोल्डरांचा गोंधळ संपला, आणि साहेबांनी पुढचं कामही त्याच्याच गळ्यात घातलं: मॉनिटरिंग. आमचे प्रोग्रॅम लॅबच्या सर्व्हरवर दिवसरात्र चालतात. त्यातला एखादा मध्येच आजारी पडला तर लॅबचा फोन यायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. असं साधन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यादी दाखवतं. नोंदणी, तपासणी, रिपोर्ट पाठवणं, बिलं, आणि प्रत्येकासमोर एक ठिपका. बरं असेल तर हिरवा, नसेल तर लाल, आणि रात्री-अपरात्री लाल झाला तर आमचे फोन वाजणार.

थांबारावाचा एक नियम होता. नवं साधन आधी घरी चालवून बघायचं आणि मगच ऑफिसात आणायचं. त्याच्या स्वतःच्या घरी लहान मुलगी, ती वायर दिसली की ओढते. म्हणून घर म्हणजे आईचं घर.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. वडील गेल्यापासून एकटी. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते. कुणाच्या पोराला ताप आला, कुणाच्या जखमेला टाके पडले, की पहिली फेरी सिस्टरकडे. थांबाराव तिला आपल्याकडे राहायला ये म्हणून मागे लागला होता. ती काही दाद देत नव्हती. शेवटी मायलेकांत तह झाला. तिने तिथेच राहायचं, पण त्याने तिच्या चहाच्या किटलीच्या प्लगला एक लहानसं यंत्र बसवायचं. किटलीतून वीज वाहिली की यंत्र कळवणार. सकाळचा चहा झाला की ठिपका हिरवा, नाही झाला तर लाल.

"आणि एकदा जरी लाल झाला ना आई, तर मी काही ऐकणार नाही," त्याने बजावलं होतं. "सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

"बरं," ती म्हणाली होती. आईने इतक्या पटकन बरं म्हटलं याचं त्याला नवल वाटलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, स्वयंपाकघरात कप धुताना.

अशी आमच्या भिंतीवर 'आई-किटली' आली. साहेबांनी आधी कुरकुर केली. लॅबच्या सेवांच्या रांगेत कुणाची आई कशाला, वगैरे. "चाचणी चालू आहे," थांबाराव म्हणाला. चाचणी संपली, साधन पक्कं झालं, तरी ती ओळ काढायचं कुणाच्या मनात येईना. सकाळी आल्याबरोबर रिसेप्शनवरची मुलगी आधी खालचा ठिपका बघायची आणि जाहीर करायची, सिस्टरचा चहा झाला. मग आमचा चहा टाकला जायचा. एखाद दिवशी उशीर झाला तर साहेबच काचेच्या खोलीतून मान बाहेर काढून विचारायचे, "आज उठल्या नाहीत का अजून?" दुपारी किटली पुन्हा चालली की आम्ही अंदाज बांधायचो, पाहुणे आले असतील. त्या बाईंना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या चहाच्या वेळा आम्हाला पाठ होत्या.

ठिपका यायच्या आधी थांबाराव दर एक दिवसाआड ऑफिस सुटल्यावर बस पकडून आईकडे जायचा. ठिपका आल्यावर ते आठवड्यावर गेलं, आणि मग जमेल तसं. माणूस वाईट नव्हता हो. काम वाढलं, मुलीची शाळा सुरू झाली, बस बदलावी लागायची. फोन मात्र रोज. मी शेजारच्या टेबलावर, त्यामुळे पलीकडचा आवाजही ऐकू यायचा. "मी ठणठणीत आहे. तू जेवलास का?" एवढ्यात फोन संपायचा.

मग तो दिवस आला. सकाळीच मोठ्या लॅबचा फोन. कालपासून एकाही डॉक्टरला रिपोर्ट मिळालेला नाही. आम्ही भिंतीकडे बघितलं तर सगळं हिरवंगार. हॉलमध्ये लाल म्हणाल तर फक्त साहेबांचा चेहरा होता.

"चुलीत घाला ते साधन," साहेब म्हणाले. "उद्या दुसरं आणा. मी आधीच म्हणत होतो."

साहेब आधी असलं काही म्हणाले नव्हते. पण साहेब आहेत, म्हणू शकतात.

"थांबा, बघू," थांबाराव म्हणाला. "साधन खोटं बोलत नाहीये. त्याला जे सांगितलं जातंय तेच ते दाखवतंय. खोटं सांगतंय कोण ते शोधू."

आधी त्याने बिघाड काढला. रिपोर्ट पाठवताना आमच्या प्रोग्रॅमला डॉक्टरांच्या सर्व्हरला आपली ओळख पटवावी लागते. त्या ओळखीच्या प्रमाणपत्राची मुदत आदल्या दिवशी संपली होती. पलीकडचं दार उघडत नव्हतं आणि रिपोर्ट उंबऱ्याशी साचून राहिले होते. नवं प्रमाणपत्र घातलं, तुंबलेले रिपोर्ट भराभरा गेले. कुणाचं उपचारावाचून अडलं नाही ना, ते लॅबने फोन करून विचारून घेतलं. नशिबाने तसं काही झालं नव्हतं. जेवायच्या सुट्टीपर्यंत साहेबांचा रंग मूळपदावर आला.

पण ठिपका हिरवा का राहिला? मॉनिटरिंगचं साधन दर मिनिटाला प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं, बरा आहेस का? प्रोग्रॅमने आपली सगळी कामं तपासून उत्तर द्यायचं असतं. थांबारावाने रिपोर्टच्या प्रोग्रॅममधलं ते उत्तराचं ठिकाण उघडलं. तिथे तपासणी वगैरे काही नव्हती. एकच ओळ होती. कुणीही विचारलं तर सांग, ठीक आहे.

आता माझी पाळी होती. अशा वेळी माझ्या अंगात बळ येतं. "कोण हा महात्मा ते बघूच," म्हणत मी त्याचा कीबोर्ड ओढला आणि व्हर्जन कंट्रोलला विचारलं, ही ओळ कुणी लिहिली? त्याने प्रामाणिकपणे नाव दाखवलं. नाव थांबारावाचं होतं. सोबत बदलाचं कारणही त्यानेच लिहिलेलं: 'तात्पुरतं. खोट्या अलार्मनी सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालंय. आज गप्प करतो. सोमवारी नीट करतो.'

त्यानंतर किती सोमवार होऊन गेले होते ते मोजण्यात अर्थ नव्हता. अख्खा हॉल हसला. साहेबसुद्धा हसले. आमच्या धंद्यात 'तात्पुरतं' म्हणून लिहिलेली ओळ लिहिणाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत टिकते. मला वर्षभर पुरेल एवढा चिडवायचा माल मिळाला होता. थांबारावही हसला. मग हसता हसता थांबला आणि ती ओळ पुन्हा वाचू लागला.

"मी हे कुणाला फसवायला नव्हतं लिहिलं," तो म्हणाला.

"माहीत आहे रे. चिडवतेय मी."

"सगळ्यांना झोप मिळावी म्हणून लिहिलं होतं."

तो माझ्याशी बोलत नव्हता. तो भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होता, सगळ्यात खालच्या ओळीकडे. आई-किटली, हिरवा ठिपका.

त्याने किटलीचा आलेख उघडला. ठिपका फक्त हो-नाही सांगतो, आलेखात किटली केव्हा चालली आणि किती वेळ चालली ते दिसतं. आधीचे महिने बघितले तर कशाला काही मेळ नव्हता. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दुपारी दोनदा, कधी बराच वेळ, म्हणजे किटली काठोकाठ. गेल्या काही दिवसांचा भाग मात्र एकदम आखल्यासारखा. सकाळी ठरल्या वेळी एकदाच. आणि प्रत्येक वेळी अगदी क्षणभर.

"बघ, शिस्त लागली त्यांना," मी म्हणाले.

"एवढ्या वेळात पाणी कोमटसुद्धा होत नाही," तो म्हणाला. "किटली रिकामी आहे. रिकामी लावली की ती आपोआप बंद होते."

"मग रिकामी किटली कोण लावेल? आणि कशाला?"

त्याने आईला फोन लावला. पलीकडचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "मी ठणठणीत आहे. आत्ताच चहा झाला. तू जेवलास का?" त्याने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "मला आईकडे सोडतेस?" इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे पेनसुद्धा मागितलं नव्हतं. मी गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

आम्ही निघालो. एका सिग्नलला तो म्हणाला, "हिरवा दिसला की मला बरं वाटायचं. बरं वाटलं की मी जायचो नाही." माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. दोष काढायलाही वेळकाळ असतो.

आम्हाला बघून खालच्या शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. आम्ही काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मला काही विचारू नका. सिस्टरनी शपथ घातलीये." इतकं चोख गुपित राखणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. थांबाराव दोन दोन पायऱ्या एका वेळी चढत वर गेला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत पलंगावर त्या बसल्या होत्या, पाठीशी उशा, उजवा पाय आणखी दोन उशांवर. घोट्याला पट्टी इतकी सफाईने बांधलेली की हॉस्पिटलात दाखवायला ठेवावी. पट्टीच्या वर आणि खाली पाय वांग्याच्या रंगाचा झाला होता. पलंगाला लागून एक स्टूल. स्टुलावर झाकलेलं दूध, ब्रेड, वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, आणि किटली. किटलीची वायर पलंगामागच्या प्लगमध्ये गेली होती, आणि त्या प्लगवर थांबारावाचं यंत्र व्यवस्थित बसवलेलं होतं.

"कामाच्या वेळी कशाला आलास?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ये गं, बस. ती खुर्ची घे, दुसरीचा पाय हलतो."

"काय झालं, आई?"

"न्हाणीघरात घसरले. हाड मोडलेलं नाही. मी बघितलंय, बोटं हलतात."

"कधी?"

"झाले काही दिवस."

"आणि ही किटली इथे कशी?"

"शिंप्याने आणून दिली. यंत्रही त्यानेच बसवलं, मी सांगेन तसं. हुशार आहे तो."

"रिकामी लावत होतीस?"

"भरायला मला उठवत नाही," त्या म्हणाल्या, साधेपणाने, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

थांबाराव उभाच होता. मी त्याला कधी संतापलेला पाहिला नव्हता. आता कानशिलं लाल झाली होती आणि शब्द अडकत होते. "मी रोज फोन करत होतो. रोज विचारत होतो. तू ठणठणीत म्हणत होतीस."

"मग काय सांगायचं होतं? पडले म्हणून? संध्याकाळच्या आत सामान बांधलं असतंस माझं." त्यांनी चादरीची सुरकुती तळहाताने सारखी केली. "तुझी बायको चांगली आहे. पोरगी तर माझा जीव आहे. पण तुझ्या घरी मी पाहुणी होणार रे. चहा कधी मिळेल याची वाट बघणारी. इथे मी सिस्टर आहे. काल खालच्या पोराला ताप होता, तर त्याला इथे आणून बसवला आणि मी पलंगावरूनच बघितला. तुझा ठिपका लाल झाला असता तर हे सगळं गेलं असतं. म्हणून त्याला नाही होऊ दिला लाल."

त्याचा राग कुठे जाणार होता? तो पलंगाच्या कडेवर बसला आणि सकाळची सगळी हकिगत सांगायला लागला. रिपोर्ट अडकले, भिंत हिरवी, आणि ती एक ओळ. त्या मन लावून ऐकत होत्या. एकदा मध्येच विचारलं, "उशिराने कुणाचं काही बिघडलं नाही ना?" नाही म्हटल्यावर, "मग असं तोंड पाडून काय बसलायस?"

"ती ओळ मी लिहिली होती, आई. सगळ्यांना सुखाने झोपता यावं म्हणून. आणि तू ही किटली लावलीस. दोन्ही एकच."

"खाण तशी माती," मी म्हणाले. मनात म्हणणार होते, पण माझ्या जिभेला मन आणि बाहेर यांतलं अंतर कळत नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच तऱ्हेने भुवया उचलून माझ्याकडे बघितलं. मग सिस्टर हसल्या, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळल्या. ती कळ त्यांनी ओठ आवळून दाबली. आम्ही दोघांनी ती पाहिली.

"वॉर्डात पेशंट बरं आहे म्हणाला की मी कधी पुढच्या खाटेकडे गेले नाही," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "त्याच्या ताटात काय उरलंय ते बघायची. चादर किती चुरगळलीये ते बघायची. बरं आहे असं तर मरणाराही म्हणतो."

"मग मला कसं नाही शिकवलंस ते?"

"तू येत कुठे होतास शिकायला? तुझा ठिपका होता की."

बोलून गेल्या आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. हात पुढे करून त्यांनी त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा नसलेला धागा काढला. थांबारावाने मान खाली घातली. खाली शिंप्याचं मशीन बंद होतं. तोही ऐकत असणार.

मग थांबाराव उठला. पलंगामागे वाकला आणि किटलीचा प्लग यंत्रासकट उपटला.

"अट मी घातली होती, मीच मोडतो," तो म्हणाला. "आज डॉक्टरला दाखवायचं, फोटो काढायचा, पाय बरा होईपर्यंत कुणीतरी रात्री सोबत राहील. बहुतेक मीच. पण राहायचं इथेच. काहीही झालं तरी इथेच."

"शब्द?"

"शब्द."

"ही साक्षीला आहे," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"मावशी, त्याने शब्द फिरवला तर मला कळवा," मी म्हणाले. "दोष काढायचा मला पगार मिळतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. यंत्र मिनिटभर बंद राहिलं तरी ठिपका लाल होतो, म्हणून कुठलंही यंत्र काढताना आधी त्याची सूचना बंद करून ठेवायची, हा धडा आम्हा सगळ्यांना थांबारावानेच दिलेला. आज तोच विसरला होता. रिसेप्शनवरच्या मुलीचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "सर, सिस्टरची किटली लाल झालीये. तुम्ही पोचलात का? त्या बऱ्या आहेत ना? इथे सगळे पडद्यासमोर उभे आहेत."

सिस्टर गोंधळल्या. "या कोण? यांना माझ्या किटलीचं काय माहीत?"

"ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे," थांबाराव म्हणाला. "तुझा चहा झाल्याशिवाय कुणी चहा घेत नाही तिथे."

त्या बघतच राहिल्या. यंत्राला फसवणं वेगळं आणि एवढी माणसं रोज आपल्या उठण्याची वाट बघतात हे कळणं वेगळं. इतका वेळ खणखणीत असलेला चेहरा हळूहळू म्हातारा झाला. फोनवर आता साहेब होते. म्हणत होते, सिस्टर शेजारी असतील तर त्यांना द्या जरा. थांबारावाने फोन आईच्या हातात दिला.

"सिस्टर, नमस्कार. कशा आहात?"

"मी ठण..." त्यांनी सुरुवात केली. सवयीने आलेला शब्द तोंडातच राहिला. त्यांनी लेकाकडे बघितलं. त्याने काही खूण केली नाही, नुसता बघत राहिला.

"बरी नाहीये," त्या फोनमध्ये म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "पाय सुजलाय. पलंगावरून उठता येत नाही. आणि पडल्यापासून एकटीला भीती वाटते."

सिस्टरनी फोन मांडीवर ठेवला. थांबाराव पलंगावर वर सरकून बसला आणि त्याने आईचा सुजलेला पाय उशीसकट अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"अजून सांग," तो म्हणाला, आणि ती सांगत राहिली.